सातवी पायरी

फोन मुलीचा होता, कार्डिफहून.
बाबांच्या दारापुढे अकरा पायऱ्या आहेत, कठडा हवा.
त्यांना विचारू नका, नाहीच म्हणतील.

मी विचारलं.
इद्वाल नाही म्हणाला,
आणि चहाचं आधण ठेवलं.

घरामागे खाणीच्या कचऱ्याचा निळा-करडा डोंगर.
पायऱ्या त्याच दगडाच्या, पाटीच्या.
पाऊस सरला की त्या सीलच्या पाठीसारख्या
काळ्याभोर, निसरड्या.

गाडीतून काठ्या काढल्या, सहा जाडीच्या सहा.
डोळे मिटून धरा, म्हटलं.
डावा हात चौथीवर थांबला.
उजवा कुठेच थांबेना. त्याला तीन बोटं.
उरलेली दोन एकाहत्तर सालापासून
डोंगरातच कामावर आहेत, तो म्हणाला,
पगार मात्र बंद.

म्हणजे कठडा उतरताना डावीकडे.
ओल्वेन खिडकीतून ओरडली, बाजू चुकली गं पोरी!
अख्ख्या गल्लीचे कठडे भिंतीकडून आहेत.
असू देत.
माणूस चढताना दमतो,
पडतो तो उतरताना.

वेलबुट्टी नको, त्यानं बजावलं होतं,
मी काही बँक नाही.
मग साधा गज, साधे खांब.
लोखंड शेंदरी असतं तोवर हट्टी,
केशरी झालं की ऐकतं,
पांढरं पडून ठिणग्या टाकू लागलं
की समजायचं, आपण जास्त बोललो.
चार दिवस ऐरणीवर गेले.
कडा मारून गोल केल्या, तळव्याला टोचणार नाहीत इतक्या.
खालच्या टोकाला एक खळगा ठोकला, अंगठ्याएवढा,
जमीन आली हे अंगठ्याला कळावं म्हणून.
हे त्याला सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर घासून काढायला लावला असता.

नोव्हेंबर. दगडात भोकं पाडली,
ब्लोलॅम्पनं कोरडी केली, वर गोणपाट टाकलं.
ओल राहिली तर तापलेलं शिसं तोंडावर उडतं.
खांब उभे राहिले, शिसं ओतलं, निवलं.
मग दोघींनी मिळून गज चढवला,
मी आणि माझी शिकाऊ कॅड्वेन.
सगळीकडे बसला.
सातव्या खांबावर बोटभर हवा.

पुन्हा टेप ताणली. चढले, उतरले.
बावीस वर्षं हेच करते मी,
आणि कानामागे गरम व्हायला लागलं.

तो दारात उभा होता, कप घेऊन.
तुझं नाही चुकलं, म्हणाला.
ती पायरी खाली बसलीये. मीच बसवलेली.
सदतीस वर्षांत कुणी बोललं नाही,
पाय तेवढा प्रत्येकाचा तिथे दचकतो.
बायकोचाही दचकायचा.
बोलली तीही नाही.

पाचर मारून भागलं असतं.
खांब काढून लांब करता आला असता.
मी गॅस पेटवला,
गज तिथल्या तिथे केशरी केला.
धरू का, त्यानं विचारलं,
आणि उत्तराआधीच सांडशी घेतली,
तीन बोटांनी.
आम्ही दोघांनी मिळून लोखंडाला
त्याच्या चुकीएवढं वाकवलं.

आता डोळे मिटून हात फिरवला
तर सातव्यावर गज किंचित झुकतो.
जवसाचं तेल आणि मेण चोळलं, गरम असतानाच.
मी निघाले तेव्हा तो अंगणातून वर गेला,
हात खिशात.

मार्चमध्ये गंज बघायला गेले.
गज सगळा काळा,
वरच्या अंगाला मात्र एक लांब चकाकती रेघ,
दारापासून खालच्या खळग्यापर्यंत.
खळगा तर नाण्यासारखा लखलखत होता.

वापरता ना, मी विचारलं.
मी? छे.
त्यानं आधण ठेवलं.
पोस्टमन धरत असेल.